क्रोशाचे दुपटे : हौस आणि दक्षता

(महिलांच्या विणकाम वर्गात झालेल्या भाषणाचा पाठ)



घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की सुई-दोऱ्याची हौस असलेल्या घरी बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि दुपटी असा हा संसार. त्यातील दुपट्याला मान मोठा. आजी, मावशी, आत्या यांपैकी कोणीतरी दोन-अडीच महिने दुपारची झोप मोडून ते पूर्ण करते आणि बारशाच्या दिवशी ते हातोहात फिरते. गोमंतकात क्रोशाचे काम पोर्तुगीज अमदानीत रुजले व पुढे ते सर्व समाजांत पसरले. एका घरी त्याचे टेबलपोस झाले, तर दुसऱ्या घरी दारावरचे तोरण. ‘क्रोशे’ हा शब्दच फ्रेंच, आणि त्याचा अर्थ लहानसा आकडा. या एवढ्याशा आकड्याने आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या भीषण दुष्काळात कित्येक कुटुंबांना पोटापुरते मिळवून दिले. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात आजही असंख्य स्त्रियांच्या हाती हेच काम आहे. अशा कलेबद्दल आदर बाळगूनच तिच्या एका उपयोगाविषयी येथे थोडे परखडपणे बोलावयाचे आहे.

टेबलावरचा रुमाल सदोष झाला तर फार तर तो वाईट दिसतो. दुपट्याचे तसे नाही. ते ज्याच्या अंगावर पडते त्याला ते बाजूला सारता येत नाही, बोट अडकले तर सोडवता येत नाही आणि काय टोचते ते सांगताही येत नाही. म्हणून दुपटे विणणारीने नमुन्याचा विचार करण्यापूर्वी बाळाच्या या असहायतेचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. दुपट्याची सुरक्षितता तीन ठिकाणी ठरते : विणणारीच्या हातात, ते ज्या पेटीत ठेवले जाते त्या पेटीत आणि शेवटी पाळण्यात. पहिल्या ठिकाणी आपल्या भगिनी बऱ्याच दक्ष असतात, दुसऱ्या ठिकाणी त्यांचे लक्ष नसते आणि तिसऱ्या ठिकाणी सर्वात मोठा गैरसमज वावरतो.

प्रारंभ धाग्यापासून करू. बाजारात ‘लोकर’ या नावाने जे गुंडे मिळतात त्यांतील बहुसंख्य लोकरीचे नसतातच. ते अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे रासायनिक तंतूचे असतात. रंग सुंदर, किंमत माफक आणि धुण्यास सोपे, त्यामुळे त्यांचा खप मोठा आहे व मोठ्यांच्या स्वेटरसाठी त्यात काही वावगेही नाही. परंतु अ‍ॅक्रिलिकला आग लागली की ते वितळते आणि वितळलेला गोळा कातडीस चिकटतो. अस्सल लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि पेटली तरी ज्योत दूर होताच बहुधा विझते. सुती धागा पेटतो, पण वितळून चिकटत नाही. हा फरक पुस्तकी नव्हे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, बाजेखाली निखारे ठेवले जातात, ओवा, शेपा, वावडिंग घालून बाळाला धुरी दिली जाते. बंद खोलीतील निखाऱ्यांच्या विषारी वायूने आणि धुराने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना अपाय होतो, म्हणून डॉक्टर या प्रथेस विरोध करतात आणि तो योग्यच आहे. तथापि जेथे शेगडी अद्याप खोलीबाहेर गेलेली नाही तेथे निदान अ‍ॅक्रिलिकचे दुपटे तरी तिच्या आसपास असता कामा नये.

गुंडा कशाचा आहे याबद्दल दुकानदारालाही कित्येकदा खात्री नसते. त्यासाठी घरगुती कसोटी उपलब्ध आहे. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याचे भांडे ठेवून, मुले जवळ नसताना पेटवून पाहावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि मागे बोटाने चुरडणारी काळी राख उरली तर ती लोकर. कागद जळाल्याचा वास व मऊ करडी राख म्हणजे सूत. धागा आक्रसून वितळला आणि गार झाल्यावर कडक मणी उरला की ते अ‍ॅक्रिलिक किंवा तत्सम काही. मिश्र धागा असल्यास खुणाही मिश्र येतात. तेव्हा तो गुंडा मोठ्यांच्या मफलरसाठी बाजूला काढावा.

मग बाळासाठी अस्सल लोकरच घ्यावी काय? येथेही तारतम्य हवे. लोकरीचा तंतू सुमारे 30 मायक्रॉनहून जाड असला की तो त्वचेला टोचतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी नामांकित आहे, पण ती याच जाड प्रतीची. धनगराच्या खांद्यावर ती शोभते, बाळाच्या गालाला ती सहन होत नाही. मेरिनो मेंढीची लोकर पुष्कळ बारीक असते, मात्र ती महाग. ज्यांतून सतत तूस उडते असे मोहेर किंवा अंगोरा जातीचे केसाळ धागे बाळासाठी मुळीच घेऊ नयेत, कारण ते तूस बाळाच्या नाकातोंडात जाते. शिवाय हवामानाचाही विचार आहे. पणजीत जानेवारीतही पहाटेचे तापमान साधारणतः 20 अंशांच्या आसपासच असते. अशा हवेत लोकरीच्या दुपट्याची गरज किती, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा. किनारपट्टीवर मऊ सुती धागाच उत्तम. मडगावच्या आजीने ग्वाल्हेरला दिलेल्या लेकीच्या बाळासाठी विणावयास घेतले तर गोष्ट वेगळी, कारण तेथील जानेवारीत पारा दहा अंशांच्या पुष्कळ खाली उतरतो. सारांश, दुपटे कोणत्या गावी जाणार हे प्रथम पाहावे आणि मग दुकानाची पायरी चढावी.

रंगाविषयी थोडक्यात. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. गडद रंगाचा धागा ओल्या पांढऱ्या फडक्यावर जोराने घासून पाहावा. फडक्याला रंग लागला तर तो धागा नको. जरीचा किंवा चकाकणाऱ्या तारेचा धागा तर नकोच नको.

आता प्रत्यक्ष विणकाम. क्रोशाचे सौंदर्य जाळीत आहे, हे सर्वांस मान्य. अननसाचा नमुना, पंख्याचा नमुना, खांब आणि साखळ्यांची मोकळी जाळी यांनीच हे काम डोळ्यांत भरते. पण तीच जाळी बाळाच्या बोटांचा सापळा होऊ शकते. बाळाचे बोट छिद्रातून आत जाते, हात हलला की पीळ पडतो, आणि बाहेर काढण्याचे कौशल्य त्या वयात नसते. नवजात बाळाचे बोट साध्या शिसपेन्सिलीच्याही जाडीचे नसते. तेव्हा विणलेल्या तुकड्यातून पेन्सिलीचे मागचे टोक सहज आरपार जाऊ लागले तर तो नमुना बाळासाठी नाही, असे खुशाल समजावे. आणि पेन्सिल अडली म्हणून निश्चिंतही राहू नये. तुकडा हलकेच ताणून पुन्हा पाहावे, कारण वापरात व धुण्यात वीण सैल होते. मुक्या खांबाची घट्ट वीण या कामी सर्वात भरवशाची. मुका खांब आणि साधा खांब यांच्या ओळी आलटून पालटून घातल्या तर वीण मऊही राहते आणि छिद्रेही पडत नाहीत. हौस भागवावयाची तर ती रंगांच्या पट्ट्यांत भागवावी.

यापेक्षाही घातक एक प्रकार आहे व तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. सुटलेला बारीक धागा किंवा केस बाळाच्या पायाच्या वा हाताच्या बोटाभोवती, क्वचित मुलग्याच्या लघवीच्या जागी, गुंडाळला जातो. हालचालीबरोबर तो आवळत जातो, सूज येते, सुजेत धागा रुतून दिसेनासा होतो आणि रक्तपुरवठा तुटतो. वेळीच लक्षात न आल्यास ते बोट गमवावे लागू शकते. बाळंतपणानंतर काही महिने आईचे केस अधिक गळतात, हे याचे एक प्रमुख कारण. मोजे, हातमोजे व विणलेली वस्त्रे यांतील सुटे धागे हे दुसरे. बाळ पोटभर प्यालेले आहे, लंगोट कोरडा आहे, ताप नाही आणि तरीही रडे थांबत नाही, अशा वेळी सर्व कपडे काढून बाळाचे प्रत्येक बोट उजेडात पाहावे. धागा दिसला आणि तो सहज निघाला नाही तर ओढाताण न करता तत्काळ दवाखाना गाठावा.

म्हणून दुपट्याची टोके दडवण्याचे काम हे विणकामाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. प्रत्येक गुंडा संपताना व नवा जोडताना निदान सहा इंच धागा मोकळा ठेवावा. गाठ मारून कात्री लावण्याची घाई करू नये, कारण गाठ टोचते आणि कालांतराने सुटतेही. ते टोक बोथट सुईत ओवून विणीच्या पोटातून एका दिशेने, मग उलट दिशेने आणि पुन्हा आडवे असे तीन वेळा न्यावे. चौकोनी तुकडे जोडून केलेल्या दुपट्यात प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी आरंभीची कडी असते. तिचे टोक नीट ओवलेले नसेल तर धुता धुता ती कडी सैल होते आणि ऐन मध्यात बोटभर भोक पडते. वीस तुकड्यांच्या दुपट्यात अशा वीस जागा, आणि जोडणीची टोके निराळीच. नवशिक्या भगिनींनी एकसंध दुपटेच करावे हे बरे.

काठाला झालर, कोपऱ्यांना गोंडे, मध्ये मणी किंवा कापडी फुले, ही सारी सजावट विणणारीच्या समाधानासाठी असते. बाळाला तिचे काही नसते. गोंड्यातील धागे सुटून बाळाच्या तोंडात जातात. बटण आणि मणी घशात अडकतात. लहान मुलांच्या वस्तूंची तपासणी करताना सुमारे 32 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात व जी वस्तू तीत पूर्ण बसते ती घशात अडकण्याजोगी समजली जाते. दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटर व्यासाचे असते, यावरून ही मर्यादा केवढी मोठी आहे याची कल्पना येईल. तुटून पडली तर दहाच्या नाण्याएवढी उरेल अशी कोणतीही वस्तू दुपट्यावर नको. लोंबणारे बंद किंवा रिबिनीही नकोत, त्या गळ्याभोवती जातात.

दृष्टीचा प्रश्न नाजूक आहे. दुपट्याला काळा मणी, ताईत किंवा बिब्बा सेफ्टीपिनेने अडकवण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीशी त्यावरून वाद घालण्याने काही साधत नाही. त्यापेक्षा दुपट्याच्या एका कोपऱ्यात काळ्या धाग्याचा लहानसा चौकोन विणूनच टाकावा. काळी तीट लावल्यासारखे होते, आजीचेही समाधान होते आणि पिनेची गरज उरत नाही. विणताना खुणेसाठी लावलेल्या पिनाही मोजून घ्याव्यात आणि काम संपल्यावर मोजून परत ठेवाव्यात. एक जरी कमी भरली तरी दुपटे घराबाहेर पाठवू नये.

हातातील काम येथे संपते आणि पेटीची गोष्ट सुरू होते. खरे पाहता आजच्या विषयातील हाच भाग सर्वात गंभीर होय.

आपल्याकडे नवजात बाळाला कोरे कपडे न घालता जुन्या मऊ लुगड्याचे, वापरलेल्या धोतराचे कपडे घालतात. ही रीत सुज्ञपणाची आहे, कारण अनेकदा धुतलेले कापड मऊ असते. पण ही जुनी वस्त्रे आणि थोरल्या भावंडाचे जपून ठेवलेले दुपटे निघते कोठून? ट्रंकेतून. आणि ट्रंकेत काय असते? डांबराच्या गोळ्या. त्या गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. त्याची वाफ कापडाच्या धाग्याधाग्यांत मुरते. मोठ्या माणसाला तो वास फार तर डोके दुखवील. काही बालकांच्या रक्तात मात्र जी-सिक्स-पीडी नावाचे एक द्रव्य जन्मतः कमी असते. ही उणीव आनुवंशिक असून मुलग्यांत अधिक आढळते आणि भारतातील अनेक समाजांत ती आहे. बाहेरून तिचे कोणतेही लक्षण दिसत नाही. अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलीन श्वासातून किंवा कातडीतून गेले की त्याच्या तांबड्या रक्तपेशी भराभर फुटू लागतात. फुटलेल्या पेशींतून निघणारे पिवळे द्रव्य बाहेर टाकण्याची शक्ती नवजात यकृतात नसते, आणि कावीळ चढते. ती फार वाढली तर मेंदूवर परिणाम होऊन कायमचा बहिरेपणा किंवा अपंगत्व येते, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. 1963 साली ग्रीसमधील डॉक्टरांनी नॅफ्थलीनच्या संसर्गाने असे रक्त फुटलेल्या 21 नवजात बालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्या सर्वच बालकांत वरील उणीव नव्हती, ही त्यातील विशेष ध्यानात घेण्याजोगी बाब. म्हणजे आपल्या घराण्यात हा दोष नाही असे समजून कोणी निर्धास्त राहण्याचे कारण नाही. युरोपीय संघाने 2008 मध्ये या गोळ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या बाजारात त्या आजही मिळतात.

यात आपल्या एका चांगल्या सवयीची भर पडते. बाळाला तेल लावून मालिश करण्याची पद्धत सर्वत्र आहे. नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात विरघळते. परिणामी तेल लावलेल्या अंगातून ते अधिक सहजतेने आत शिरते. मालिश झालेले बाळ ट्रंकेतून नुकत्याच काढलेल्या दुपट्यात गुंडाळणे, याहून अधिक प्रतिकूल योग शोधूनही सापडणार नाही.

गंमत अशी की या गोळ्यांची दुपट्याला बहुधा गरजच नसते. कसर लागते ती लोकर व रेशीम यांसारख्या प्राणिज तंतूंना. सुती किंवा अ‍ॅक्रिलिकच्या धाग्यावर कसरीची अळी जगत नाही. म्हणजे ज्या तथाकथित लोकरीच्या दुपट्यासाठी गोळ्या टाकल्या जातात त्याला कसर लागण्याची धास्ती मुळातच नसते. अस्सल लोकरीचे दुपटे असेल तर ते धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ सुती कापडात घट्ट बांधून ठेवावे. सोबत वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवता येते. कापूरही बाळाच्या कपड्यांत ठेवू नये. तो लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. गोळ्यांचा वास लागलेले दुपटे वारसा म्हणून जवळ आले असेल तर ते अनेक दिवस उघड्या हवेत टांगून व पुनःपुन्हा धुऊनही वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाजवळ नेऊ नये. वास जात नसेल तर भिंतीवर लावावे, तेथे ते शोभेल. बाळ पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा ते दूध ओढेनासे झाले तर डॉक्टरांना दाखवताना घरात डांबर गोळ्या वापरल्या होत्या हे आवर्जून सांगावे. विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही, आणि विचारण्याचे सुचेलच असे नाही.

पावसाळ्याची अडचण गोमंतकीयांना सांगावयास नको. चार महिने कपडा वाळत नाही. जाड क्रोशाचे काम बाहेरून वाळल्यासारखे वाटते आणि आत ओल राहते, मग त्यास बुरशीचा वास येतो. यावर चुलीवर किंवा शेगडीवर दांडी बांधून दुपटे वाळत घालण्याचा उपाय सर्रास केला जातो व तो धोक्याचा आहे. पंख्याखाली आडवे पसरून, मधून मधून उलटून वाळवावे. सुती असल्यास शेवटी इस्त्री फिरवावी. लोकरीसाठी रिठ्याचे पाणी उत्तम, परंतु खळबळून काढताना रिठा वा साबण यांचा अंशही मागे राहू नये. नवे दुपटे भेट देण्यापूर्वी एकदा धुतलेच पाहिजे. गुंडा कोणाकोणाच्या हातांतून व किती धुळीतून आला याचा हिशेब नसतो, आणि विणीतील कच्चे दुवे पहिल्या धुण्यातच उघडे पडतात.

उरला पाळणा. येथे तो मोठा गैरसमज आहे. ‘दुपट्याला जाळी आहे, तोंडावर आले तरी बाळ श्वास घेईल,’ असे सर्रास म्हटले जाते. हे खरे नाही. दुपटे तोंडावर येते तेव्हा ते एकपदरी राहत नाही. त्याच्या घड्या पडतात आणि छिद्रांवर वीण येते. लाळेने किंवा दुधाने भिजले की ते आणखी जड व दाट होते. बाळ स्वतःचीच बाहेर टाकलेली हवा पुन्हा आत घेऊ लागते. शिवाय शरीरातील उष्णता बाळ मुख्यत्वे डोके व चेहरा यांतून बाहेर टाकते. तोच भाग झाकला गेला की उष्मा वाढतो. 1991 साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचे तान्हे बाळ झोपेतच दगावले. त्यांच्या पुढाकाराने त्याच वर्षअखेरीस त्या देशात मोहीम निघाली, आणि बाळाला पालथे न निजवता उताणे निजवावे, डोके झाकू नये, हे घरोघर सांगितले गेले. अशा मृत्यूंचे प्रमाण तेथे काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही, केवळ निजवण्याची रीत बदलली.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 मध्ये आपला सल्ला पुन्हा स्पष्ट केला : पहिले वर्षभर बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटे पांघरूण, उशी, लोड, मऊ खेळणी काहीही नको. वजनदार पांघरुणे तर मुळीच नकोत. ब्रिटनमधील सल्ला किंचित सौम्य आहे. पातळ पांघरूण घालावयाचेच तर ते खांद्यांच्या वर जाऊ नये, दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेले असावे आणि बाळाचे पाय पाळण्याच्या पायथ्याला टेकलेले असावेत, म्हणजे ते सरकून पांघरुणाखाली जाणार नाही.

परदेशातील हे सल्ले येथे जसेच्या तसे उचलावेत काय, असा प्रश्न कोणी विचारील, व तो रास्त आहे. आपल्याकडे अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना थंडी हा खराखुरा शत्रू आहे. जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे करणे, गुंडाळणे, डोक्याला टोपडे घालणे आणि पहिल्या दिवशी अंघोळ न घालणे हे आरोग्यसेवक सांगतात ते याचसाठी. नवजात बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सियसच्या दरम्यान राहावयास हवे. परंतु अशा बाळासाठी सर्वोत्तम ऊब दुपट्यात नसून आईच्या छातीत आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरी उबपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याचा प्रयोग केला. तोच आज कांगारू पद्धती म्हणून जगभर, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतही, अवलंबिला जातो. आई जागी आहे, बाळ तिच्या छातीशी आहे, तोंड मोकळे आहे आणि दोघांच्या पाठीवरून दुपटे पांघरले आहे, ही त्या दुपट्याची खरी योग्य जागा. थंडी व गुदमरणे यांतून एक निवडावे लागते अशी समजूत त्यामुळे टिकत नाही.

एरवी निजलेल्या बाळाची ऊब अंगातील कपड्यांनी सांभाळावी, पांघरुणाने नव्हे. आपण स्वतः जितके कपडे घातले असतील त्याहून एखादा पदर अधिक, एवढे पुरते. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. तान्ह्या बाळाचे ते बहुधा गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे. तेथे घाम असेल तर एक कपडा काढावा. हनुवटीखाली बंद बांधलेली कुंची बाहेर जाताना शोभते, झोपेत मात्र उतरवावी. झोळीत तर सुटे दुपटे घालूच नये. झोळीचे कापड आधीच बाळाला दोन्ही बाजूंनी वेढून असते, त्यात आणखी पांघरुणाची भर नको. आपल्या बहुतेक घरांत बाळ आईशेजारीच निजते. तेथे मोठ्यांची गोधडी किंवा रजई बाळावर ओढली जाणे हा दुपट्याहूनही मोठा धोका आहे, हे घरातील पुरुषमंडळींनाही समजावून द्यावे.

मग एवढ्या कष्टाने विणलेले दुपटे करावयाचे तरी काय? पुष्कळ काही. बाळ जागे असताना ते जमिनीवर अंथरून त्याला पालथे घालावे, म्हणजे मान धरण्याचा सराव होतो. अंगावर पाजताना आईच्या मांडीवर घ्यावे. सांजवेळी अंगणात नेताना बाळाच्या पायांवर टाकावे. या उपयोगांसाठी दुपटे लहान व हलके असलेलेच सोयीचे. अडीच फूट चौरस पुरे. पलंगभर मोठे दुपटे विणण्याची ईर्ष्या मूल धावू लागेपर्यंत पुढे ढकलावी.

भेट देताना सोबत एक चिठ्ठी जोडावी. दुकानातील मालावर पट्टी असते, घरच्या मालावर नसते, आणि विणणारी प्रत्येक वेळी सांगावयास हजर असतेच असे नाही. ज्या भगिनी स्वयंसाहाय्य गटांमार्फत दुपटी विकतात त्यांनी ही प्रथा विशेषत्वाने पाळावी. तीत एवढे असावे : धागा सुती आहे किंवा लोकरीचा आहे. विणून झाल्यावर एकदा धुतले आहे. डांबर गोळ्यांत ठेवू नये. शेगडीजवळ नेऊ नये. प्रत्येक धुण्यानंतर दोन्ही बाजू उजेडात तपासाव्यात, सुटे टोक किंवा केस दिसल्यास ओवून अथवा काढून मगच वापरावे. बाळ झोपी गेले की काढून ठेवावे.